उशीपुरती जागा

टायमर टणटणला आणि शेडमधली शांतता मोडली.

नॉर्माच्या स्वयंपाकघरातला टायमर होता तो. कोंबडीच्या आकाराचा, चोच तुटलेला. ती होती तोवर त्याने केक आणि अंडी सोडून दुसरं काही मोजलं नव्हतं. आता तो रंगाचे हात आणि गोंदाची मिनिटं मोजत होता. कर्स्टी वीस मिनिटं क्लचवर पाय दाबून बसली होती आणि तिच्या पायाला मुंग्या आल्या होत्या.

"सोडू आता?"

"हळूच."

आवाज तिच्या पायांपाशी कुठूनतरी आला. तिचा बाप डुगल्ड ट्रकच्या उघड्या दारात आडवा पडला होता. डोकं आत, पाय बाहेर आणि टॉर्च हनुवटीखाली दाबलेली. कर्स्टीने पाय उचलला. पेडलवर चिकटवलेला दीड इंची लाकडी ठोकळा जागचा हलला नाही.

"बसला. आता परत दाब. गुडघा ताणला जातोय?"

"नाही."

"पाठ टेकलीय?"

"टेकलीय, डॅड. शिंप्याकडे आल्यासारखं वाटतंय मला."

"शिंप्याकडे लोक हलत नाहीत," म्हणत तो बाहेर सरकला आणि सुताराच्या घडीच्या पट्टीसारखा एकेका सांध्यातून उलगडत उभा राहिला. बहात्तर वर्षांचा, सहा फूट दोन इंचांचा माणूस. दाराच्या चौकटीखाली आपोआप मान वाकवायची त्याला इतकी सवय होती, की मोकळ्या माळावरही तो थोडा वाकूनच चाले.

गेल्या पंधरवड्यात ही चौथी हाक. "मिनिटभर ये गं, पोरी," असं तो कुंपणापलीकडून ओरडायचा आणि मिनिटाचा अर्धा तास व्हायचा. एकदा सीटसाठी, एकदा आरशासाठी, एकदा स्टिअरिंगच्या उंचीसाठी. कर्स्टी बसायची, हात पुढे करायची आणि तो खडूने खुणा करायचा. कशासाठी, हे तिने विचारलं नव्हतं. काही प्रश्न विचारले की त्यांची उत्तरं सांभाळत बसावं लागतं.

शेडच्या दुसऱ्या अर्ध्या भागात बस उभी होती. जुनी बेडफर्ड, शाळेची. याच बसने कर्स्टी आणि तिचा भाऊ ब्लेअर विंटनच्या शाळेत गेले होते. बस मोडीत निघाली तेव्हा डुगल्डने ती घरी आणली आणि बारा वर्षं तिचं घर करत बसला. पलंग, चूल, शिसवी रंगाची कपाटं, लोकरीच्या लड्या ठेवायला बायकोसाठी, नॉर्मासाठी, खण. नॉर्माची अट एकच होती. "बसमध्ये राहीन मी, पण दूध आणायला अख्खं घर घेऊन दुकानात जाणार नाही. मागे काहीतरी छोटं बांध." म्हणून ट्रक. बसच्या शेपटाला त्रिकोणी लोखंडी दांड्याने जोडायचा, चारही चाकांवर धावणारा, ओढून न्यायचा ट्रक.

मग नॉर्मा गेली. बसमध्ये कोंबड्या राहायला जाणार असं सगळ्यांनी गृहीत धरलं. पण चार महिन्यांनी डुगल्डने दोन मोडके छोटे ट्रक ओढत आणले आणि दोहोंचा मिळून एक करायला घेतला.

चमत्कारिक होतं ते पुढचंच. बस आणि ट्रक मिळून लांबी ठरावीक मापाच्या बाहेर जाऊन चालत नाही. डुगल्डने ट्रकची केबिन पाठीमागून नऊ इंच कापली आणि ते नऊ इंच मागच्या हौद्याला दिले. हौदा झाला लांबच लांब, मॅक्रोकार्पा लाकडाच्या फळ्यांचा, वर ताडपत्रीसाठी लोखंडी कमानी. केबिन मात्र इतकी आखूड झाली, की डुगल्ड आत शिरला तर गुडघे कानांना लागत. बुधवारी सरकारी तपासनीस आला, सगळे जोड ठोकून बघितले, सही केली आणि जाताना म्हणाला, "काम एक नंबर. पण हा कुठल्या बुटक्यासाठी केलास?"

डुगल्ड म्हणाला होता, "दुकानात जायला सायकल आहे मला."

कर्स्टी पाच फूट एक. नॉर्माही पाच फूट एक होती. त्याच मांड्या, तेच आखूड पाय. लहानपणापासून सगळे म्हणत आले होते.

"तो आईसाठी गाडी बनवतोय," ब्लेअर काल फोनवर म्हणाला होता. ब्लेअर इन्व्हरकार्गिलला शाळेत शिकवायचा आणि फोनवरही फळ्यासमोर उभा असल्यासारखा बोलायचा. "कर्स्टी, माणूस गेल्याला चौदा महिने झालेत. तिच्या मापाची सीट? मी शनिवारी येतो. ही असली दोन वाहनं घेऊन तो एकटा उत्तरेला निघणार, आणि आपण हात हलवत उभे राहायचं?"

"सवय असते रे माणसाला," ती म्हणाली होती.

खरं तर तिलाही तो जायला नको होता. ब्लेअरच्या कारणांसाठी नव्हे. पहाटे तिचा नवरा रेवी मेंढ्या कातरायला निघून गेला, की स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेडमधला पिवळा दिवा दिसे आणि घरात आणखी एक मोठं माणूस जागं आहे असं वाटे. एवढंच होतं. एवढ्यासाठी म्हाताऱ्या माणसाला अडवून ठेवता येत नाही, हे तिला कळत होतं.

"मम्मी, पॉपला सांग हलू नको म्हणून!"

टुई हौद्यात होती. पाच वर्षांची, नाकाला खडू लागलेला. तिच्यासमोर तिचा पॉप, तिचा आजोबा डुगल्ड, फळ्यांवर उताणा पसरला होता, हात अंगालगत, बूट जुळलेले.

"हे काय आता?"

"फळ्या सपाट बसल्यात का बघतोय. पाठीला कळतं लगेच."

टुई गुडघ्यांवर रांगत त्याच्याभोवती खडूची रेघ मारत होती. कानापाशी आली तेव्हा तो हसला आणि रेघ वाकडी गेली.

"हललास! मेलेल्या मेंढीसारखं पड म्हटलं होतं ना!"

"मेलेली मेंढी थंड असते. मला चहा हवाय."

तेवढ्यात रेवी शेडच्या दारात आला. अंगाला लोकरीचा वास, हातात फडक्यात गुंडाळलेले गरम चीज रोल. हौद्यात डोकावून तो म्हणाला, "अरे बाप रे. पोलिसांना बोलावू का, डुगी?"

"बोलाव. येताना लोणी आण म्हणावं."

रेवी मोठ्याने हसला, पण हसणं अर्ध्यातच थांबलं. त्याने फडकं ट्रकच्या टपावर ठेवलं, हौद्याच्या कडेवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तळहात फिरवला आणि म्हणाला, "चांगला लांब केलास."

"हूं," डुगल्ड पडल्या पडल्या म्हणाला.

कर्स्टीला वाटलं, पुरुषांना फळ्यांविषयी बोलायला एवढं पुरतं.

*

शनिवारी हवा स्वच्छ होती. कुंपणावर दहिवर पडलं होतं. ब्लेअर आला तो नदीकाठच्या दोन खोल्यांच्या घरांचं रंगीत माहितीपत्रक घेऊन. कुणी मागितलं नसताना त्याने ते टेबलावर, साखरेच्या डब्याला टेकवून उभं ठेवलं.

"नुसतं बघ, डॅड."

"बघितलं," डुगल्ड न बघता म्हणाला. "चल, आज जोडून बघायचंय."

ट्रक बसच्या मागे लागला. डुगल्डने खिशातून एक कार्ड काढलं. एका बाजूला स्कोनची कृती, दुसऱ्या बाजूला नॉर्माचं अक्षर. शेजाऱ्याची मोटार मागे बांधून दोघांनी एकदा सराव केला होता, तेव्हाचं. नॉर्माने एकेक गोष्ट पुकारायची, त्याने ती हात लावून बघायची आणि उत्तर द्यायचं. आता तो दोन्ही बाजू एकटाच बोलत होता. प्रश्न जरा वरच्या पट्टीत, उत्तर आपल्या नेहमीच्या आवाजात.

"पिन? — बसली. साखळ्या? — आडव्या-उभ्या, दोन्ही. गियर? — न्यूट्रल. हँडब्रेक? — खाली. किल्ली? — आत, एक खाच पुढे."

ब्लेअरने कर्स्टीकडे पाहिलं. कर्स्टीने कुंपणाकडे पाहिलं.

बेडफर्डचं इंजिन थंडीत गरम व्हायला दहा मिनिटं घेई. डुगल्ड पुढे चढून बसला. रेवी रस्त्याकडचं फाटक उघडायला गेला. टुई कधी ट्रकमध्ये शिरली कुणालाच कळलं नाही. केबिनमधून "भुर्रर्र" ऐकू आलं तेव्हा कर्स्टी धावली.

"अगं, आत्ता निघतोय ट्रक! उतर!"

"मीच चालवणार आहे!"

"चालवशील मोठी झाल्यावर."

टुईला एका हाताने कडेवर ओढून, दुसऱ्या हाताने नेहमीसारखं सगळं आवरून तिने दार लावलं आणि बाजूला झाली. डुगल्डने भोंगा वाजवला. बस हलली. मागे ट्रक निमूट निघाला, एखाद्या शहाण्या कुत्र्यासारखा. सरळ वाटेवर दृश्य इतकं छान होतं, की ब्लेअरनेसुद्धा खिशातून हात काढले.

मग वळण आलं. बस वळली, ट्रक वळलाच नाही. त्याची पुढची चाकं सरळच राहिली आणि खडीवरून आडवी फरफटत गेली. खडी उडाली, दांडा करकरला, जळक्या रबराचा वास आला. रेवी फाटकापासून दोन्ही हात वर करून ओरडत धावला. बस थांबली.

डुगल्ड उतरून आला. घाई न करता. ट्रकचं दार उघडून आत वाकला आणि तसाच राहिला.

"किल्ली नाही," तो म्हणाला.

किल्ली नसली की स्टिअरिंग जागेवर कुलूपबंद होतं आणि चाकं वळत नाहीत. मागे गाडी बांधून हिंडणाऱ्याने जन्मात एकदाही करू नये अशी ही चूक. शाळेत शिकवणाऱ्या ब्लेअरलाही ती ठाऊक होती; नॉर्मा त्यावरून डुगल्डला बजावत असे तेव्हा तो तिथेच असायचा.

डुगल्डने कोटाचे खिसे चाचपले. मग विजारीचे. मग पुन्हा कोटाचे.

"मी लावली होती. म्हणालो ना मी… म्हणालो का?"

"म्हणालास," ब्लेअर हलक्या आवाजात म्हणाला. "म्हणालास, डॅड. पण लावली नव्हतीस."

टुईचं नाक वाहत होतं. कर्स्टीने रुमालासाठी खिशात हात घातला. रुमाल, केसांची पिन, अर्धं बिस्कीट. आणि त्यांच्याखाली काहीतरी थंड, दातेरी.

दोन हिवाळ्यांपूर्वी टुईने किल्ली फिरवून ट्रॅक्टर ओढ्यात घातला होता. तेव्हापासून कुठल्याही गाडीतून टुईला उतरवलं, की कर्स्टीचा हात आधी किल्लीकडे जाई. विचार न करता. दूध उतू जायला लागलं की जातो तसा.

तिची मूठ खिशातच मिटली.

"असेल," डुगल्ड म्हणत होता. तो वाकून पुढच्या टायरवरून हात फिरवत होता. एका बाजूने रबर सोलून निघालं होतं. "विसरलो असेन."

"मोठ्या रस्त्यावर झालं असतं तर?" ब्लेअरचा आवाज आता फळ्यासमोरचा नव्हता. तो चिरकला होता. आईपाशी दवाखान्यात अकरा रात्री तोच बसला होता, हे कर्स्टीला आठवलं. "समोरून दुधाचा टँकर येत असता तर? डॅड, बसची किल्ली माझ्याकडे राहू दे. थोडे दिवस. कुणी काढून घेत नाहीये. थोडे दिवसच."

तो भांडेल असं कर्स्टीला वाटलं. त्याने भांडावं, असंही वाटलं. मग तिलाही तोंड उघडता आलं असतं. पण डुगल्डने बसच्या पायरीवर चढून किल्ली काढली, अंगठ्याने पुसली आणि ब्लेअरच्या हातात दिली.

"चहा घेऊ," तो म्हणाला. "चीज रोल निवतील."

एक शब्द. एवढाच काय तो हवा होता. आणि तो न उच्चारला, तर पहाटेचा पिवळा दिवा तसाच राहणार होता. उद्या, परवा, टुई मोठी होईपर्यंत. कर्स्टीने टुईचं नाक पुसलं.

"तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली. "मी येते."

*

सगळे आत गेले. वाऱ्याने ताडपत्रीची एक दोरी कमानीवर टकटक आपटत होती. कर्स्टी ट्रकमध्ये चढली. चढली म्हणजे नुसती बसली. पायरी बरोबर तिच्या पावलाच्या उंचीवर होती. तिने किल्ली लावली, एक खाच फिरवली. स्टिअरिंग सैल झालं आणि हातात आलं.

हात सहज पोचत होते. पाय ठोकळ्यांवर आपोआप टेकले. तिने आरशाकडे पाहिलं. तो हलवावा लागला नाही.

आरशात हौदा दिसत होता. टुईच्या खडूची आकृती अजून होती, एका कानाशी वाकडी. पायांकडे फळ्या जिथे संपत होत्या तिथे बूट नेमके टेकले होते. डोक्याच्या वर वीतभर जागा मोकळी होती.

कर्स्टी कितीतरी वेळ आरशात बघत राहिली.

रेवीचे वडील क्राइस्टचर्चच्या दवाखान्यात वारले, त्याला आता तीन वर्षं झाली. त्यांना घरी, ओराकाला, आणायला मुलं आणि पुतणे स्वतः गेले होते. ताडपत्री लावलेल्या छोट्या ट्रकमध्ये मधोमध शवपेटी आणि दोन्ही बाजूंना गाद्या टाकून माणसं. मागोमाग बेडफर्ड, आत्या आणि मावश्यांनी भरलेली. डुगल्ड चालवायला, नॉर्मा खायला घालायला. एवढा लांबचा प्रवास बसने तेवढा एकदाच केला होता. गाव आलं की ट्रकमधलं कुणीतरी पेटीवर हात ठेवून सांगे: आता तिमारू आलं बरं का. आता नदी ओलांडतोय. रेवीच्या माणसांत तशी रीत होती. डुगल्डच्या माणसांत नव्हती. त्याच्याकडे गंभीर चेहऱ्याचे, काळ्या कोटातले लोक येत आणि सगळं करून जात. त्यानंतर कित्येक दिवस डुगल्ड मध्येच म्हणायचा, "त्याला कुणीतरी सांगत होतं गं. कुठवर आलोय ते."

आणि मग नॉर्मा, ड्युनेडिनच्या दवाखान्यातून. करड्या रंगाची बंद गाडी, ओळखीचं कुणी आत नाही. मागच्या मोटारीत कर्स्टी चालवत होती आणि डुगल्ड शेजारी, नजर त्या बंद दारांवर. वाटेत पेट्रोलला थांबले तेव्हा करड्या गाडीच्या खिडकीतून रेडिओवरचं क्रिकेटचं समालोचन ऐकू आलं. त्या रात्री अंथरुणावर पडण्याआधी डुगल्ड एवढंच म्हणाला होता, "त्या ड्रायव्हर पोराची चूक नाही. ती कोण आहे, त्याला काय माहीत."

कर्स्टीने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. ते तिच्या मापाचं होतं, त्यामुळे कपाळही बरोबर टेकलं.

*

टेबलाभोवती तिघे पुरुष खात बसले होते. टुई टेबलाखाली होती. माहितीपत्रक साखरेच्या डब्याला टेकून अजून उभं होतं. कर्स्टीने ट्रकची किल्ली चीज रोलच्या ताटलीशेजारी ठेवली.

"माझ्या खिशात होती. टुईला उतरवलं तेव्हा मी काढली. डॅडने लावलेलीच होती."

ब्लेअरने किल्लीकडे बघितलं, मग तिच्याकडे. "त्याला वाचवायला बोलतेयस तू."

"नाही. मघाशी गप्प बसले, ते त्याला थांबवायला."

डुगल्डने किल्ली उचलली, उलटसुलट केली. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आपलं डोकं आपल्याच खांद्यावर जागच्या जागी आहे, याची खात्री पटलेल्या माणसाचा श्वास त्याने सोडला. इतका लांब, की मघापासून तो किती घाबरला होता ते कर्स्टीला तेव्हा कळलं.

"दोन टायर गेले तुझ्यापायी," तो म्हणाला.

"हो."

"ट्रॅक्टरच्या वेळी तर मीच सांगितलं होतं, किल्ली काढत जा म्हणून."

"हो ना. मग टायर तूच घाल."

रेवी खोकल्यासारखं हसला. ब्लेअर मात्र हसला नाही. त्याने बसची किल्ली खिशातून काढली होती, पण हातातच धरून ठेवली होती.

"आणि ट्रकचं काय? ते तरी सांगा मला कुणीतरी. ज्यात बसता येत नाही असा ट्रक कशाला बनवतो माणूस? आई आता नाहीये, डॅड."

"माहीत आहे मला. मी होतो तिथे."

"आईसाठी नाहीये तो," कर्स्टी म्हणाली.

"मग कुणासाठी?"

ती बापासमोरच्या खुर्चीवर बसली. डुगल्ड कपात बघत होता.

"डॅड," ती म्हणाली, "डोक्याकडे वीतभर जास्त ठेवलीस फळी."

त्याने कप फिरवला. कान डावीकडून उजवीकडे, मग परत.

"उशीला जागा नको?"

रेवी उठला आणि आधीच भरलेली किटली घेऊन नळाकडे गेला. नळ सोडला नाही; नुसता पाठमोरा उभा राहिला. ब्लेअर एकदा बहिणीकडे, एकदा बापाकडे बघत होता. मग त्याची नजर खिडकीबाहेर ट्रककडे गेली, आखूड केबिनवर, लांब हौद्यावर, आणि तिथेच राहिली. खूप वेळाने त्याने माहितीपत्रक उचललं, घडी घातली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं.

"तब्येत बरी आहे ना तुझी?" त्याने विचारलं.

"उत्तम आहे. डॉक्टर म्हणाली, तिच्यापेक्षा बरी आहे. घाई कुणाला आहे?" डुगल्ड म्हणाला. "पण गोंदाला वेळ लागतो. आधी करून ठेवलेलं बरं."

कर्स्टीने एक चीज रोल घेतला आणि दोन तुकडे केले. एकही खाल्ला नाही.

"मी रेडिओ लावणार नाही," ती म्हणाली.

डुगल्डने पहिल्यांदाच मान वर केली.

"तू लावलास तर चालेल."

ब्लेअरने बसची किल्ली टेबलावरून सरकवली. ती साखरेच्या डब्याला आपटून थांबली.

*

मंगळवारी निघायचं ठरलं. लम्सडेनपर्यंत कर्स्टी आणि टुई बसमधून जाणार होत्या. तिथून रेवी त्यांना मोटारीने परत आणणार होता.

नवे टायर काळेभोर दिसत होते. डुगल्डने खिशातून कार्ड काढलं आणि न बोलता कर्स्टीपुढे धरलं. तिने घसा साफ केला.

"पिन?"

"बसली."

"साखळ्या?"

"आडव्या-उभ्या. दोन्ही."

"गियर?"

"न्यूट्रल."

"हँडब्रेक?"

"खाली."

"किल्ली?"

"आत, एक खाच. तूच बघून ये. आणि हात मागे बांधून बघ."

तिने खरोखर हात मागे बांधले आणि खिडकीतून वाकून बघितलं. किल्ली होती. तिने कार्ड त्याला परत दिलं. त्याने ते घेतलं नाही. बसच्या दाराशी, आतल्या बाजूला, दोन खिळ्यांमध्ये त्याची जागा होती, तिथे बोट दाखवलं.

मागच्या काचेशी नॉर्माने हट्टाने उलटं बसवून घेतलेलं बाकडं होतं. पुढे येणारा रस्ता बघायला तिला आवडत नसे. सुटत जाणारा आवडे. कर्स्टीने टुईला त्यावर बसवलं, पट्टा बांधला, शेजारी बसली. खालून इंजिनाची थरथर पायांत आली. फाटक मागे पडलं. रेवी फाटकावर बसून हात हलवत होता, मग तो लहान झाला, मग वळण आलं.

बस वळली. काचेपलीकडे, हाताच्या अंतरावर, ट्रकही वळला. रिकाम्या केबिनमध्ये स्टिअरिंग आपोआप फिरलं, सावकाश, कुणी दोन्ही हातांनी जपून फिरवावं तसं, आणि वळण संपल्यावर परत सरळ झालं. पुढे ओढलेली सीट रिकामी होती. तिच्यामागे ताडपत्री वाऱ्याने फुगत होती आणि बसत होती.

टुई काचेला नाक लावून बघत होती. तिच्या श्वासाने काच धुरकटली. तिने बाहीने पुसली, परत बघितलं.

पुढून डुगल्डचा आवाज आला, मोठ्याने, मागच्या काचेपर्यंत पोचेल असा. "डिप्टन येतंय बरं का!"

"मम्मी," टुई म्हणाली, "आपल्या मागचा तो ट्रक कोण चालवतंय?"